वहिनी, तुम्ही बसवलेला कूलर

वहिनी,

तुमच्या दहाव्याला माणसं उठून उठून बोलली. एकजण म्हणाले, माउलीच्या हाताला चूक ठाऊक नव्हती. दुसरे म्हणाले, अशी बाई पुन्हा होणे नाही. मागं बायकांत बसून मीही मान हलवत होते. तुम्ही शेजारी असतात तर माझ्या कोपराला चिमटा काढून म्हणाला असतात, "वन्सं, ह्यातल्या निम्म्यांच्या लग्नाचे व्हिडिओ मी अजून दिलेले न्हाईत. त्यांना कसली चूक दिसत न्हाई मंग?"

तेव्हा हे काही श्रद्धांजलीचं भाषण नाही. तुमच्याशी थोडं भांडायचं राहिलंय आणि थोडं सांगायचं. समोर असतात तर भांडण झालं असतं आणि सांगायचं राहून गेलं असतं, आपलं नेहमी तसंच व्हायचं.

आधी तुमच्या शेवटच्या संध्याकाळबद्दल बोलू. म्हणजे ती शेवटची आहे हे आपल्या दोघींना ठाऊक नव्हतं. आपल्या फोटो-व्हिडिओच्या दुकानातला कॉम्प्युटर, आपलं मशीन, उन्हाळ्यापासून तापत होतं. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं, आणि त्या डोक्यावर बसून ते थंड ठेवायचं काम कूलरचं, हे तुम्हीच मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. जुना कूलर घरघर करायचा आणि थंड काही करायचा नाही. तुम्ही नगरहून नवा आणलात, चांगला नारळाएवढा. दादा म्हणाला, "मानसं घामानं भिजत्यात आन् मशीनला कूलर." तुम्ही त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मोबाईलवर कुठल्याशा हिंदी बोलणाऱ्या पोराचा व्हिडिओ लावून तुम्ही कूलर बसवायला घेतलात. मी बॅटरी धरली होती. पुरणपोळीवर तूप फिरवावं तशी तुम्ही प्रोसेसरवर बोटानं ती उष्णता कूलरकडं नेणारी पेस्ट फिरवलीत. तो पोरगा बोट लावू नका म्हणत होता, तर तुम्ही म्हणालात, "त्याला काय कळतंय, त्यानं कधी पोळी केलीय का?" मग स्क्रू. एक इकडचा, एक तिकडचा, थोडा थोडा आवळत. मशीन चालू केलं तर टुक टुक वाजायला लागलं, पंखाच सापडेना त्याला. वायर शेजारच्या पिनांना लागली होती. ती तुम्हीच शोधून काढलीत. पंखा फिरला, निळा लाईट लागला, आणि तुम्ही कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं बघितलंत. "कसा बसवला?" मी म्हणाले, बरा बसवला. एवढंच म्हणाले. तुम्ही म्हणालात, "उद्या मंदाबाईच्या पोरीचं लग्न एक्सपोर्टला टाकू." आणि शटर ओढलंत.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मी इथं लिहिणार नाही. ती घरातल्या सगळ्यांना पाठ आहे.

दहावा-तेरावा उरकल्यावर दादानं सांगितलं की दुकान विकायचं. नगरचा एकजण मशीन, कॅमेरा, फ्लेक्सचा प्रिंटर, सगळं एकदम उचलायला तयार होता. दादावर मी रागावले, पण त्याला वाईट म्हणवत नाही. हायवेनं जाताना तो आपलं शटर दिसू नये म्हणून मान फिरवून गाडी चालवायचा. एकदा समोरच्या टेम्पोवर आपटता आपटता वाचला.

"संगे, तिच्याबिगर हे चालनार न्हाई. मला बघवत न्हाई ते."

"आन् मी काय करू?"

"तुला काय कमी हाय? घर हाय, खायला-प्यायला हाय. कोन तुला काय बोलतंय?"

कुणी काही बोलत नाही, हे खरं आहे. पण वहिनी, सासरहून एक बॅग घेऊन परत आलेल्या बाईला घरात कुणी काही बोलत नाही म्हणजे काय असतं, ते तुम्हाला समजलं होतं. मी आले त्या दिवशी सगळ्यांनी मला विचारलं, काय झालं. आई दोनदा रडली. तुम्ही फक्त चहा दिलात. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही म्हणालात, "चल दुकानात. घरात बसलीस तर दिवसभर दारात येनाऱ्याला उत्तरं देत बसशील." दुकानात मला मशीनसमोर बसवलंत आणि माऊसवर माझा हात ठेवून वर तुमचा हात ठेवलात. मला माऊस धरता येत नव्हता. पुढं मी तुमच्यापेक्षा बरं मिक्सिंग करायला लागले, हे तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात, मला कधी सांगितलं नाहीत. तुम्ही शूटिंगला जायचात, मी मागं बसून कापाकापी करायची. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला आलेले लोक खोंडाच्या वाढदिवसाचे फ्लेक्स करायला यायचे, तेही माझ्याकडं. त्या दुकानात मला कुणी 'परत आलेली' म्हणत नव्हतं. तिथं मला काम होतं.

म्हणून मी दादाशी करार केला. म्हणाले, "मंदाबाईचं लग्न अडकलंय. ते ह्या मशीनवर निघालं तर दुकान ऱ्हाईल. न्हाई निघालं तर त्या मानसाला बोलव, मी तोंड उघडनार न्हाई." दादा बरं म्हणाला. मला वाटतं, मशीन चालणार नाही अशीच त्याची खात्री होती.

मंदाबाई तुम्हाला आठवतील. शेवगावकडच्या, ऊसतोडीच्या. वैशाखात पोरीचं लग्न केलं आणि तेव्हापासून व्हिडिओसाठी फेऱ्या मारत होत्या. आपल्याकडं लग्नाचा व्हिडिओ बारशाच्या आधी मिळाला तर गिऱ्हाईक दचकतं, पण त्यांची गोष्ट वेगळी होती. दसरा होऊन गेला होता, टोळ्या निघायला लागल्या होत्या. पोरगी नवऱ्याच्या टोळीबरोबर कोल्हापूरकडं जाणार, मंदाबाई कोपरगावच्या साखर फॅक्टरीकडं. "पाच-सहा म्हैने तोंड दिसायचं न्हाई वो पोरीचं," त्या म्हणाल्या होत्या. "मोबाईलमधी तेवढं असू द्या."

शटर उघडलं, मशीन चालू केलं, लग्न एक्सपोर्टला टाकलं. आपण कापून जोडलेले सगळे तुकडे मिळून एक व्हिडिओ तयार करायचा, म्हणजे मशीनला सगळ्यात जड काम. थोडं पुढं गेलं आणि पटकन सगळं काळं. पंख्यासकट बंद. परत चालू केलं तर शहाण्यासारखं चालू झालं. फोटो उघडा, फ्लेक्स करा, काही तक्रार नाही. एक्सपोर्टला टाकलं की परत काळं.

मग मी जे जे केलं ते ऐका. लाईट कमी-जास्त होत असेल म्हणून यूपीएस बदलून बघितला. रॅमची पट्टी काढून तिचे दात खोडरबरनं घासले, जसं तुम्ही दर महिन्याला घासायचात, गरज असो-नसो. ब्लोअरनं धूळ उडवली, ती सगळी माझ्याच डोळ्यात गेली. पॉवरची वायर बदलली. मशीनची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावला. व्हिडिओचे छोटे छोटे तुकडे करून काढायला गेले, तर पहिले निघाले आणि मंगलाष्टकांपाशी बंद पडलं. बायका जेवणाच्या पंगतीला बसल्यात, तिथं बंद पडलं. पोरगी रडत गाडीत बसते तिथपर्यंत एकदाही पोचलं नाही.

शेवटी नगरच्या रिपेअरवाल्याला फोन लावला. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ताई, कूलर काढा. पेस्ट पुसून नवी लावा, परत बसवा. घोळ तिथंच आहे."

"तिथं घोळ नाही," मी म्हणाले. "ते आमच्या वहिनींनी बसवलंय."

तुम्ही गेल्याचं त्याला कळलं होतं. तो म्हणाला, "बरं. मग बोर्ड असेल. पण आधी कूलर बघा."

मी नाही बघितला. सगळं मशीन उघडून झालं, कूलरला हात लावला नाही. त्या स्क्रूंवर तुमचा शेवटचा हात फिरला होता. तुमच्या साड्या आईनं वाटून टाकल्या, तुमची स्कूटी दादा चालवतो, पण ते स्क्रू तुम्ही आवळलेत त्याच जागी होते अजून. ते सोडले की तुमच्या हातचं केलेलं काही राहणार नव्हतं. आणि दुसरंही होतं. दहाव्याला बोलणारे काय म्हणाले, ते माझ्याही डोक्यात बसलं होतं. वहिनींनी केलंय म्हणजे बरोबरच असणार. तुम्ही जिवंत असताना मी असं एकदा तरी म्हटलं होतं का? तुम्ही लावलेलं प्रत्येक टायटल मी बदलायचे. तुम्ही घातलेली गुलाबाच्या पाकळ्यांची डिझाइनं मी तुमच्या डोळ्यांदेखत काढून टाकायचे. गेलात आणि एकदम देव झालात.

त्यात दादाचा निरोप आला की दुकान उचलणारा तो नगरवाला बाजाराच्या दिवशी येतोय. आणि मंदाबाईंचा फोन आला की ट्रॅक्टर त्याच दिवशी निघतोय.

त्या सकाळी मी लवकर शटर उघडलं. हायवेवर जनावरांच्या पिकअप गाड्या लागल्या होत्या. मशीन चालू करून तापमानाचा आकडा बघत बसले. नुसतं चालू ठेवलं तरी आकडा चढत होता, आणि एक्सपोर्टला टाकल्यावर तर शंभराला भिडला आणि गेलं बंद. आता स्वतःला फसवायला जागा नव्हती. स्क्रूड्रायव्हर हातात घेतला आणि वहिनी, मी रडले. चांगली आवाज करून रडले. चहावाला ग्लास ठेवून गुपचूप गेला. मग नाक पुसलं आणि तुमचा पहिला स्क्रू सोडला.

कूलर वर उचलला. प्रोसेसरवर तुमची पेस्ट होती, बोटानं फिरवलेली, पण मधे दाबली गेलेली. आणि कूलरच्या तळाला प्लॅस्टिक होतं. पातळ, पारदर्शक, एका कोपऱ्याला ओढायला शेपटी असलेलं. त्यावर ठसठशीत इंग्रजीत छापलेलं की बसवण्याआधी ही फिल्म काढावी.

तुम्ही प्लॅस्टिक काढलं नव्हतंत.

मी त्या प्लॅस्टिककडं बघत बसले आणि मला हसायला यायला लागलं. तुम्ही कधी कशाचं काढलंत? घरातल्या टीव्हीच्या रिमोटला पिशवी. फ्रीजच्या दारावरचा निळा कागद पिवळा पडला तरी तिथंच. स्कूटीच्या सीटवर कंपनीचं प्लॅस्टिक, उन्हाळ्यात त्यावर बसलं की चटका बसून माणूस उठून उभं राहायचं. सोफ्यावर पाहुणे बसले की करकर आवाज, आणि पाहुणे आपणच काही चुकीचं केलं असं समजून हलायचंच बंद करायचे. तुमचं एकटीचं तरी कसं म्हणू, आपल्याकडं ट्रॅक्टर विकायला निघतो तेव्हा सीटवरचं प्लॅस्टिक निघतं. पण तुमचं जरा जास्तच होतं. एकदा मी फ्रीजच्या दाराचं फाडून टाकलं तर तुम्ही संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी बघते तर सेलोटेपनं परत चिकटवलेलं. मी म्हणाले, वहिनी, वस्तू वापरायला आणतात. तर तुम्ही म्हणालात, "काढायला काय, कवाबी काढता येतंय. परत लावता येत न्हाई."

त्याचं उत्तर मला आता सुचलंय. कवाबी काढता येत नाही, वहिनी. तुम्ही पोळ्याला नेसायची म्हणून ठेवलेली मोरपंखी पैठणी पिशवीतून बाहेर आली ती तिरडीवर तुमच्या अंगावर घालायलाच. ह्याचा मला फार राग आहे. कुणावर ते कळत नाही, पण आहे.

आणि एक कोडं तुम्ही ठेवून गेलात. तुम्हाला ते प्लॅस्टिक दिसलंच नव्हतं, की दिसलं होतं आणि 'राहू दे, नवं राहील' म्हणालात? बॅटरी मीच धरली होती, पण मी तुमच्या बोटांकडं बघत होते. तुम्ही बघितलं असणार, असंच माझं मन म्हणतं. हे भांडण आता मला एकटीलाच दोन्ही बाजूंनी लढावं लागणार.

प्लॅस्टिक ओढलं. ते टरकन निघालं आणि खालून तांब्याचा तळ निघाला, असा लख्ख की माझा रडका चेहरा त्यात दिसला. तुमची पेस्ट स्पिरिटच्या कापसानं पुसली. पुसायचीच होती. नवी लावली, व्हिडिओतला पोरगा सांगत होता तशी, बोट न लावता. स्क्रू तुमच्यासारखेच आवळले, एक इकडचा, एक तिकडचा, कारण ते तुमचं बरोबर होतं. मशीन चालू केलं. आकडा खाली राहिला. लग्न एक्सपोर्टला टाकलं.

तेवढ्यात दादा आला. नगरवाला निघालाय, हे सांगायला. तुम्ही गेल्यापासून तो पहिल्यांदा आत आला होता. स्टुलावर बसला आणि स्क्रीनवरची पुढं सरकणारी पट्टी बघायला लागला.

"बंद पडंल," म्हणाला.

"न्हाई पडनार."

मंगलाष्टका गेल्या. पंगत गेली. दादा स्टूल ओढून माझ्याशेजारी आला. पोरगी रडत गाडीत बसली, गाडी धुरळा उडवत गेली, आणि पट्टी शेवटाला पोचली.

"काय झालतं मशीनला?" त्यानं विचारलं.

क्षणभर मला वाटलं, काहीतरी खोटं सांगावं. लाईटचा प्रॉब्लेम होता म्हणावं. सगळा गाव तुम्हाला न चुकणारी म्हणतोय, आणि ह्याच्यासमोर मी कशाला चूक दाखवू? पण मग तुम्ही पार फोटोतल्याच होऊन बसला असतात. मी ते प्लॅस्टिक त्याच्या हातावर ठेवलं.

दादानं ते उलटंसुलटं करून बघितलं. त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, तर हसत होता. "माझ्या नव्या चपलांचं लेबलबी काढू देत न्हवती गं," म्हणाला. "रंग काळा, साईझ नऊ, असं पायाखाली वाचत हिंडतोय मी." मग हसता हसता त्याचा चेहरा बदलला आणि तो खरंच रडला. गावासमोर न रडलेला माणूस, दुकानात माझ्याशेजारी बसून तोंडावर हात घेऊन रडला. मी त्याला रडू दिलं. मग त्यानं फोन काढला आणि नगरवाल्याला सांगितलं, "परत फिरा. मशीन चालू हाय. विकायचं न्हाई."

मंदाबाई आल्या तेव्हा त्यांचा ट्रॅक्टर रस्त्याकडेला उभाच होता, भांडीकुंडी, गोधड्या, वर एक शेळी. मी व्हिडिओ त्यांच्या मोबाईलमध्ये टाकून दिला. त्या पायरीवर बसून तिथंच बघायला लागल्या. पोरीला हळद लावताना स्वतःला बघून म्हणाल्या, "मी एवढी बारीक हाय व्हय?" ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला तरी उठल्या नाहीत. शेवटी मोबाईल ब्लाऊजमध्ये ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"धाकटीचं पुढल्या साली हाय. वहिनीबाई तर गेल्या. शूटिंगला आता कोन यील?"

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला ठाऊक होतं, तुम्हाला तर होतंच. तुम्ही किती वेळा म्हणालात, संगे, एकदा चल लग्नात, कॅमेरा धर. आणि मी किती वेळा नाही म्हणाले. नवऱ्याकडून परत आलेली बाई हळदीच्या मांडवात उभी राहिली की बायका कशा बघतात ते मला बघायचं नव्हतं. तुम्ही म्हणायचात, त्या कॅमेऱ्याकडं बघतेत, तुझ्याकडं न्हाई. ह्यावरही आपलं कधी मिटलं नाही.

"मी येईन," मी म्हणाले. मग म्हटलं, आधीच सांगितलेलं बरं. "पण मी नांदत न्हाई, माहेरी असते. चालंल का तुमाला?"

मंदाबाईंना तो प्रश्नच कळला नाही बहुतेक. डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "न चालायला काय झालं? हळदीपास्नंच या. जेवायलाबी या." आणि ट्रॅक्टरवर चढल्या.

वहिनी, मला तुम्हाला दोन गोष्टी सांगायच्या होत्या. तुम्ही मला त्या सकाळी दुकानात नेलंत म्हणून मी आज उभी आहे. हे मी तुम्हाला तोंडावर कधी म्हणाले नाही, कारण तुम्ही लगेच 'वन्सं, ताप आलाय का' म्हणाला असतात. आणि दुसरी, तुम्ही चुकला होतात. ते मी सगळ्यांना सांगणार आहे, दादाला सांगितलं तसं, कारण चुकणाऱ्या वहिनीच माझ्या होत्या.

दादा परवापासून दुकानावरून जाताना हॉर्न वाजवतो. मी दुपारी गिऱ्हाईक नसलं की कॅमेरा घेऊन रस्त्यावरच्या म्हशी, पिकअप, चहावाला, जे दिसेल ते शूट करतेय. हात फार हलतो. मंदाबाईच्या धाकटीच्या हळदीतही हलेल. हलू दे. मी शूट करत राहीन, आणि घरी आल्यावर जेवढं हललं असेल तेवढं कापीन.